वेग वाढवा, पण आधी थांबायला शिका

मागच्या वर्षी उसाचं पहिलं बिल जमा झालं आणि आमच्या घरी कॉम्प्युटर आला. सेकंडहँड. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम. मास कॉमला व्हिडिओ एडिटिंग आहे, लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत संध्याकाळ होते आणि मग एसटी चुकते, हे मी आप्पांना दोन महिने सांगत होते. त्यांनी फार काही विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "घेतोय तर नीट वापर."

नीट वापरायच्या नादातच मी तो एका रात्री बंद पाडला.

शेवटच्या वर्षाची डॉक्युमेंटरी सकाळी अकराला जमा करायची होती. बारा मिनिटांची फिल्म, विषय ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. एक्स्पोर्टला ४१ मिनिटं लागत होती आणि दर वेळी काही ना काही चूक सापडायची. इंजिनिअरिंगला असलेला मावसभाऊ फोनवर होता. तो म्हणाला, "ताई, रायझन अनलॉक असतो. ओव्हरक्लॉक कर ना. फुकटचा स्पीड आहे."

"तू केलंयस का?"

"मी नाही, पण व्हिडिओ बघितलाय."

एवढ्या भांडवलावर मी बायोसमध्ये शिरले. व्हिडिओतल्या माणसाने टाकलेले आकडे तसेच टाकले: ४.४ गिगाहर्ट्झ, १.४५ व्होल्ट. कॉम्प्युटर सुरू झाला. मी खूश! एक्स्पोर्ट साठ टक्क्यांवर आलं आणि स्क्रीन काळी झाली. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसते पंखे फिरायला लागले, स्क्रीनवर काहीच नाही. रात्रीचे दीड वाजले होते. आप्पा उठून दारात आले.

"काय झालं?"

"काही नाही आप्पा."

"मोटार जाळली तेव्हा तुझा दादापण असंच म्हणला होता."

सकाळी तो डबा मोटारसायकलवर मांडीत धरून इंदापूरला नेला. दुकानदारकाकांनी झाकण उघडलं, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला, थोडा वेळ थांबून परत बसवला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. पन्नास रुपये. पण प्रोजेक्टची फाइल खराब झाली होती. मूळ फुटेज पेनड्राइव्हवर होतं म्हणून वाचले, नाहीतर वर्ष गेलं असतं. फिल्म एक दिवस उशिरा जमा झाली आणि मार्क गेले ते गेलेच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे या पानासाठी काम करताना बारामतीच्या आणि इंदापूरच्या कॉलेजांमधली पोरं भेटतात, आणि दर दोन गप्पांमागे एकदा हा विषय निघतोच. कुणाला गेममध्ये फ्रेम वाढवायच्यात, कुणाला थ्रीडी रेंडर करायचंय, कुणाला मशीन लर्निंगचं मॉडेल घरच्याच मशीनवर चालवून बघायचंय. बारामतीच्या उसातल्या एआयचं कौतुक मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी २०२५ च्या सुरुवातीला केलं, तेव्हापासून तर शेतकऱ्याच्या पोरालाही आपल्या कॉम्प्युटरकडून जास्त काम हवंय. अपेक्षा चुकीची नाही. नवा प्रोसेसर घ्यायला पैसे नसतात, म्हणून आहे त्यालाच पळवायचं. आमचं म्हणणं एवढंच आहे की करा, जरूर करा, पण माझ्यासारखं करू नका.

नेमकं काय वाढवतो आपण?

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे आधी हे स्पष्ट करू. आपण बोलतोय ते आतल्या चौकोनी चिपबद्दल. तिचा वेग म्हणजे साधा गुणाकार. मदरबोर्डचा मूळ ठोका बहुतेक मशीनमध्ये १०० मेगाहर्ट्झचा असतो. त्याला एका गुणकाने गुणायचं. गुणक ३६ असेल तर ३.६ गिगाहर्ट्झ, ४१ केला तर ४.१. तो गुणक हाताने वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

हे काही आजचं खूळ नाही. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याचा गुणक ४.५ वर कायम होता, पण मदरबोर्डचा ठोका ६६ वरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर पळायची. दीडपट वेग, पैसे तेवढेच. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे फुकटचा फायदा हा समज त्या काळातून आलाय.

आज तसं राहिलेलं नाही, आणि ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. तेव्हा कंपन्या चिपमध्ये बरीच जागा शिल्लक ठेवायच्या. आता चिप स्वतःच तापमान आणि वीज बघून क्षणाक्षणाला आपला वेग वाढवते. माझ्या ३६०० चा मूळ वेग ३.६ आहे आणि बूस्ट ४.२ पर्यंत जातो. म्हणजे कारखान्यातून येतानाच तिचं ओव्हरक्लॉकिंग बऱ्यापैकी झालेलं असतं. आपल्या हाताला उरतं ते ताटातलं शेवटचं शितं.

मग कंपन्याच वेग आणखी का वाढवत नाहीत? कारण उष्णता. इंटेलने २००४ मध्ये पेंटियम ४ चं ३.८ गिगाहर्ट्झचं मॉडेल विकायला आणलं, पण त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल रद्द करून टाकलं. त्यानंतर सगळ्यांनीच वाट बदलली आणि एका चिपमध्ये दोन, चार, सहा कोअर आले. मोठ्या मशीनच्या जगात हा विचार जुनाच आहे. आपल्या पुण्यात सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र जुंपूनच. एकच बैल किती पळवायचा यालाही मर्यादा आहे.

पाच टक्क्यांची किंमत

उष्णतेचं गणित एकदा वहीवर मांडून बघा, म्हणजे मी त्या रात्री काय केलं ते कळेल. चिप जी वीज खाते ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग ४.० वरून ४.२ केला. वाढ ५ टक्के. तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं. आता १.३५ भागिले १.२ याचा वर्ग करा. उत्तर साधारण १.२७. त्याला १.०५ ने गुणलं की १.३३. म्हणजे वेग पाच टक्के वाढवायला उष्णता तेहतीस टक्के वाढवली. खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती बाहेर काढायचं काम त्याच छोट्या पंख्याला करायचंय.

मोटारीचं ज्ञान आपल्या भागात पोरासोरांनाही असतं. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, वायंडिंग तापतं आणि जळतं. म्हणून तर स्टार्टर आणि ऑटो असतो. प्रोसेसरचं दुखणं उलट बाजूने येतं. त्याला जास्त व्होल्टेज मारतं, आणि ते मोटारीसारखं वास येऊन, धूर निघून कळत नाही. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान सतत राहिलं तर चिपच्या आतल्या केसाहून बारीक तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकत जातात. आज ४.२ वर चालणारी चिप सहा महिन्यांनी त्याच आकड्यावर अडखळायला लागते. हे नुकसान परत भरून निघत नाही.

हे फक्त हौशी पोरांच्या बाबतीत होतं असंही नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर कुणी हात न लावताही अस्थिर व्हायला लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, हे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं, त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. चिप बनवणाऱ्यांचा अंदाज जिथे चुकू शकतो, तिथे व्हिडिओ बघून आकडे टाकणारी मी कोण?

आणि तो व्हिडिओ खोटा होता असंही नाही. त्या माणसाकडे त्याची चिप होती, मोठा लिक्विड कूलर होता आणि बहुधा एसीची खोली होती. एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या नसतात. एक ४.३ वर आरामात चालेल, दुसरी ४.१ वरच हात टेकेल. दुसऱ्याचा आकडा आपल्या मशीनमध्ये टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून गाडी चालवणं.

आपली खोली, आपली धूळ, आपली लाइट

या विषयावरची बहुतेक माहिती थंड देशांतली, स्वच्छ खोल्यांमधली असते. आपलं तसं नाही. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करूच शकत नाहीत. खोली जितकी तापेल, जवळपास तितकीच चिप वर जाते. जानेवारीच्या रात्री खोलीत २२ अंश असताना माझी चिप फुल लोडला ७८ वर होती. तीच सेटिंग मेच्या संध्याकाळी पत्र्याखालच्या ३९ अंशांत ९५ वर जाणार, आणि ९५ ही ३६०० ची कमाल मर्यादा आहे. म्हणून आपल्याकडे ओव्हरक्लॉकिंग ऋतूप्रमाणे तपासावं लागतं. थंडीत जमलेलं होळीनंतर परत बघायचं.

दुसरी गोष्ट धूळ. गाळप हंगामात कारखान्याच्या आसपासच्या गावांत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख बसते, हे भवानीनगरपासून माळेगावपर्यंत कुणालाही सांगायला नको. तीच राख कॉम्प्युटरचा पंखा आत ओढतो. मी झाकण उघडून पहिल्यांदा हीटसिंकमध्ये बघितलं तेव्हा पात्यांच्या मधे नमदा तयार झाला होता. म्हणजे ज्या रात्री मी व्होल्टेज वाढवलं, त्या रात्री कूलर आधीच धापा टाकत होता. चिप ९५ ला टेकून स्वतःच वेग कमी करत होती आणि मी तिला चाबूक मारत होते.

तिसरी गोष्ट लाइट. बायोस अपडेट करत असताना लाइट गेली तर मदरबोर्ड कायमचा झोपू शकतो. त्यामुळे यूपीएस असल्याशिवाय अपडेटला हात लावू नका. लाइट जायचा वार प्रत्येक गावाला तोंडपाठ असतो, त्या दिवशी तर नकोच. आणि यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलंय म्हणजे ६०० वॅट मिळतात असं नाही. स्वस्तातल्या मॉडेलवर साधारण ३६० वॅटच असतात. ग्राफिक्स कार्ड आणि ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर दोन्ही एकदम जोरात चालले तर तो बिचारा ओरडून बंद पडेल. एसएमपीएसचंही तसंच. डब्याबरोबर फुकट आलेल्या, नाव नसलेल्या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉकिंग करूच नका. यात मध्यममार्ग नाही.

दुसऱ्यांदा मी काय केलं

मार्क गेल्यावर मी महिनाभर चिडून कॉम्प्युटरला हात लावला नाही. मग एक शंभर पानी वही घेतली आणि सुरुवातीपासून केलं.

आधी बघितलं की आपलं मशीन हे करू देतं का. इंटेलमध्ये साधारणपणे नावात के अक्षर असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन चिप मोकळ्या असतात, पण मदरबोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा. ए३२०, ए५२० वर होत नाही. लॅपटॉपवाल्यांनी हा नाद सोडून द्यावा, त्यात थंड करायला जागाच नसते. वॉरंटी चालू असेल तर ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही, हेही घरच्यांना आधी सांगा. पैसे त्यांचे आहेत.

मग सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर. हे आधी केलं असतं तर हा लेख लिहायला लागलाच नसता.

मग काहीही न बदलता मोजमाप. सीपीयू-झेडने वेग आणि रॅम, एचडब्ल्यूइन्फोने तापमान आणि व्होल्टेज, सिनेबेंचने स्कोअर. तीन-तीनदा मोजून वहीत लिहिलं, खोलीचं तापमानसुद्धा. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

मग साफसफाई. इथे एक धोका सांगून ठेवते. रायझनच्या जुन्या सॉकेटमध्ये, म्हणजे एएम४ मध्ये, कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच पिनांसकट उपटून येतो. म्हणून आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट कोमट करायची, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी मटारच्या दाण्याएवढी लावायची. जास्त लावली तर जास्त थंड होत नाही.

नुसत्या साफसफाईने एक्स्पोर्ट ४१ वरून ३४ मिनिटांवर आलं. प्रोसेसरच्या सेटिंगला हातही लावला नव्हता.

मग रॅम. सीपीयू-झेडमध्ये १०६६ दिसत होतं. डीडीआर रॅमचा हिशोब दुप्पट असतो, म्हणजे २१३३. आणि रॅमच्या पट्टीवर छापलेलं होतं ३२००! बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू केल्याशिवाय रॅम छापलेल्या वेगाने चालत नाही, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि मला माहीत नव्हतं. कंपन्यांच्या कागदोपत्री हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. ते चालू केलं, मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून चुका येत नाहीत ना ते बघितलं. एक्स्पोर्ट ३३ मिनिटं.

आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर. बायोसच्या प्रत्येक स्क्रीनचा आधी मोबाइलवर फोटो काढला. व्होल्टेज ऑटोवर ठेवलं नाही, कारण ऑटोवर काही मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. १.२५ व्होल्टवर कायम केलं आणि ठरवलं की याच्या वर जायचं नाही. ३६०० च्या सगळ्या कोअरला सतत १.३ च्या वर नेऊ नये असं जाणते सांगतात. मी १.४५ दिलं होतं.

मग गुणक ४० वर, म्हणजे ४.० गिगाहर्ट्झ. दहा मिनिटं सिनेबेंच, तापमान लिहिलं. मग ४१. पुन्हा तेच. मग ४२ वर निळी स्क्रीन आली. या वेळी मी घाबरले नाही. एक पायरी खाली, ४१ वर परत. मग तिथे ओसीसीटी तासभर आणि दुसऱ्या दिवशी खरं काम, म्हणजे दोन तास एडिटिंग आणि एक्स्पोर्ट. ८५ अंशांच्या वर गेलं तर थांबायचं हा नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा दुसरा नियम. दोन बदलल्या आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळत नाही.

एक बारकी गोष्ट मुद्दाम सांगते. कॉम्प्युटर चालू आहे म्हणजे बरोबर चालतोय असं नाही. ओव्हरक्लॉकिंग किंचित जास्त झालं की मशीन बंद पडत नाही, पण अधूनमधून बेरीज चुकते. फाइल गुपचूप खराब होते, झिप उघडत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये सगळ्यात खाली डब्ल्यूएचइए नावाच्या चुकांची ओळ असते. तिथे शून्य सोडून दुसरा आकडा दिसला तर एक पायरी खाली या. उलटंही होतं. व्होल्टेज फार कमी केलं तर काही चिपा मेगाहर्ट्झ तेवढेच दाखवतात आणि काम मात्र हळू करतात. म्हणून आकड्याला भुलू नका, स्कोअर बघा.

एवढं करून एक्स्पोर्ट किती आलं? ३२ मिनिटं.

हिशोब करा. झाडलोटीने सात मिनिटं वाचवली, रॅमच्या एका बटणाने एक, आणि ज्याच्यासाठी मी रात्र जागवली त्या ओव्हरक्लॉकिंगने एक. शिवाय सगळ्या कोअर ४.१ वर बांधल्यामुळे एका कोअरला मिळणारा ४.२ चा बूस्ट गेला तो वेगळाच. मेमध्ये मी प्रोसेसर मूळ सेटिंगवर परत नेला. मूळ सेटिंगवर चिप तापली की आपणहून व्होल्टेज आणि वेग उतरवते. हाताने बांधलेल्या आकड्यावर ती मोकळीक बरीचशी जाते.

मग करायचंच कशाला?

मावसभाऊ हेच म्हणाला. "एक मिनिटासाठी महिना घालवलास ताई?"

त्या महिन्यात मी शिकले की डब्यात कुठली वस्तू काय करते. बॅकअप का घ्यायचा ते शिकले. मोजल्याशिवाय बोलू नये हे शिकले, आणि पत्रकारितेच्या विद्यार्थिनीला यापेक्षा मोठा धडा नाही. सेल काढून बायोस मूळ पदावर कसं आणायचं हे आता मला येतं. त्या रात्री एवढं एकच येत असतं तरी दीड वाजता रडत बसावं लागलं नसतं. आपण सगळे वेग वाढवायचा कसा हे आधी शोधतो आणि परत कसं यायचं हे बिघडल्यावर. क्रम उलटा हवा. ज्याला सीमॉस क्लिअर करता येत नाही त्याने गुणकाला हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि दुसरं मत कॉलेजांसाठी आहे. बारामती-इंदापुरात इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, बीसीएची इतकी कॉलेजं आहेत. लॅबमधले जुने कॉम्प्युटर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होऊन कुठल्या तरी खोलीत धूळ खात पडतात आणि काही वर्षांनी भंगारात जातात. त्यातले दोन-चार एका बाकावर मांडा आणि पोरापोरींना उघडू द्या. त्यातल्या बहुतेकांचे प्रोसेसर लॉक असतील, गुणक वाढणार नाही, हे मान्य. पण कूलर काढणं, पेस्ट लावणं, तापमान वाचणं, बायोस मूळ पदावर आणणं, हे सगळं त्यावर शिकता येतं. एखादा मोकळा प्रोसेसर मिळाला तर दुधात साखर. पहिली चूक सगळ्यांच्याच हातून होते. ती भंगारात जाणाऱ्या मशीनवर व्हावी, बापाच्या ऊसबिलावर नको.

मुलींसाठी तर हे जास्तच गरजेचं आहे. झाकण उघडलं की "तू राहू दे, दादाला बघू दे" हे वाक्य घराघरात तयार असतं. माझ्या घरातही होतं. आता दादाच्या मोटारीच्या स्टार्टरचं झाकणही आप्पा मलाच उघडायला सांगतात. तेवढं मात्र मी अजून शिकतेय.

द्रवरूप हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झच्या पुढे गेलेल्यांचे विक्रम जरूर बघा, मजा येते. पण ती चिप काही क्षणांसाठी पळते. आपल्या चिपला डिग्री पूर्ण होईपर्यंत टिकायचंय, आणि जमलं तर धाकट्या भावंडाची पण.

चौकट : पहिल्यांदा करताय? एवढं जवळ ठेवा

• आधी बॅकअप, मग बायोस.

• सीमॉस क्लिअर कसं करायचं ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत आधी बघून ठेवा. मशीन बंद, वायर काढलेली, मगच सेल किंवा जंपरला हात.

• धूळ, पेस्ट आणि एक्सएमपी हे तिन्ही झाल्याशिवाय गुणकाकडे जायचं नाही.

• व्होल्टेजची वरची मर्यादा आधी ठरवा आणि भिंतीवर लिहा. रात्री बारानंतर ती बदलायची नाही.

• एका वेळी एकच बदल, १०० मेगाहर्ट्झपेक्षा मोठी उडी नको. दर वेळी वहीत नोंद.

• ८५ अंशांवर थांबा. होळीनंतर पुन्हा मोजा.

• दुसऱ्या दिवशी काही जमा करायचं असेल तर त्या रात्री ओव्हरक्लॉकिंग नाही. अनुभवाचे बोल आहेत.